सतरा लाखांचं घर बावीस लाखांवर कसं जातं

बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझ्या दाजींनी घर बांधलं. गुत्तेदाराशी, म्हणजे कंत्राटदाराशी, बोलणं झालं ते असं: हजार चौरस फुटांचं घर, मटेरियलसह, १,७०० रुपये फुटाने. म्हणजे १७ लाख. बँकेचं कर्ज, सोयाबीनचे पैसे आणि ताईची भिशी असा मेळ घालून दाजींनी साडेसतरा लाखांची तयारी ठेवली होती. शेवटचा हिशोब झाला तेव्हा आकडा निघाला २२ लाख ३० हजार. वास्तुशांतीला ताई पंगतीत वाढत होती आणि तिच्या हातात पाटल्या नव्हत्या.

मी बांधकामाची अंदाजपत्रकं करतो. दाजींचा कागद मात्र मला वास्तुशांतीनंतर पाहायला मिळाला. गुत्तेदाराच्या छापील कागदावर दोन ओळी: "आरसीसी घर, पूर्ण फिनिशिंग, रु. १,७०० प्रति चौ. फूट. मटेरियल चांगल्या प्रतीचे." खाली दोघांच्या सह्या. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. पण "पूर्ण फिनिशिंग" म्हणजे काय आणि "चौ. फूट" कशाचा, हे त्यात कुठेच नव्हतं. तिथूनच ५ लाख ३० हजार बाहेर पडले.

मी बसून त्या रकमेची फोड केली. मोजमापातला फरक २ लाख ३८ हजार. खोल गेलेला पाया आणि मुरमाचा भराव १ लाख १० हजार. पाण्याचा हौद आणि सेफ्टी टँक ९५ हजार. टँकर ४२ हजार. फरशीतला फरक २७ हजार. वाढलेले लाइटचे पॉइंट १८ हजार. मराठवाड्यात घर बांधताना पैसा वाढतो तो बहुतेक याच वाटांनी वाढतो, म्हणून एकेक वाट नीट पाहू.

फूट कशाचा?

सगळ्यात मोठी रक्कम इथे गेली, आणि बोलणी करताना सगळ्यात कमी चर्चा याचीच होते.

आपण हजार फूट म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर खोल्या असतात. भिंतींच्या आतली, फरशी दिसते तेवढी जागा म्हणजे कार्पेट. बाहेरच्या भिंतीच्या कडेपासून समोरच्या भिंतीच्या कडेपर्यंत मोजलं की बांधीव क्षेत्र. ते भिंतींच्या जाडीएवढं जास्त भरतं. तिसरं माप स्लॅबचं. स्लॅब भिंतीच्या बाहेर जातो: पुढचा पोर्च, गॅलरी, मोरीवरचा सज्जा. बरेच गुत्तेदार बिल लावतात ते या तिसऱ्या मापाने.

दाजींचं घर भिंतींच्या बाहेरून २५ बाय ४०, म्हणजे बरोबर १,००० फूट. पुढे २५ बाय ४ चा पोर्च, तो १०० फूट. मागे धुण्याच्या जागेवर १० बाय ४ चा स्लॅब, तो ४० फूट. एकूण १,१४०. वरच्या १४० फुटांना १,७०० ने २ लाख ३८ हजार झाले. त्या पोर्चला ना भिंती, ना दारं-खिडक्या, ना वायरिंग. तरी भाव बेडरूमचाच लागला.

गुत्तेदाराचंही एक म्हणणं आहे आणि ते मला पटतं. पोर्चलाही खांब, सळई, सेंटरिंग लागतं. ते फुकट कोण करेल? म्हणून मधला मार्ग आधीच ठरवावा. भिंतींनी बंद असलेल्या भागाला पूर्ण भाव, फक्त छत असलेल्या भागाला अर्धा, आणि दोन फुटांपर्यंतच्या खिडक्यांवरच्या सज्जांना काही नाही. जिना, जिन्यावरची खोली आणि गच्चीचा कठडा यांचंही तेव्हाच बोलून घ्यावं. कठडा अनेकदा रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीवर, वेगळा लावतात, आणि चारही बाजूंचे मिळून १३० रनिंग फूट भरतात हे कागदावर बघेपर्यंत लक्षात येत नाही.

हे करायला इंजिनिअरने काढलेला नकाशा हातात हवा. नकाशावर दोघांनी बसून प्रत्येक भागाचं माप लिहायचं, बेरीज करायची आणि करारात थेट आकडा घालायचा: "बिलाचं एकूण क्षेत्र १,०७० चौ. फूट, सोबतच्या नकाशाप्रमाणे." दाजींनी एवढं केलं असतं तर याच एका जागी १ लाख १९ हजार वाचले असते.

काळी माती

आपल्याकडचं हे मोठं दुखणं आहे. बाहेरच्या गावाचा भाव ऐकून "तिकडं तर स्वस्तात होतं" म्हणणारे लोक मातीचा विचार करत नाहीत.

कापसाला सोन्यासारखी असणारी आपली काळी जमीन घराला त्रासदायक आहे. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर उथळ टेकवलेलं घर दर वर्षी थोडं उचललं जातं, थोडं बसतं. मग दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, फरशी मध्येच वर येते. म्हणून पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. माती फारच खोल असेल तर इंजिनिअर वेगळ्या प्रकारचा पाया सुचवतो, आणि त्याचा खर्च वेगळाच असतो.

करारात मात्र बहुधा लिहिलेलं, नाहीतर मनात धरलेलं असतं, "पाया ५ फूट." खाली मुरूम पाचावर लागो की आठावर, भावात धरलेले फूट पाचच. दाजींना मुरूम लागला आठ फुटांवर. बारा खांब, प्रत्येकाचा खड्डा ५ बाय ५. एक फूट खोली वाढली की प्रत्येक खड्ड्यात २५ घनफूट, बारांचे ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास (१०० घनफुटांचा एक ब्रास) खोदाई वाढते. तीन फुटांना ९ ब्रास. वर बारा खांबांची तीन-तीन फूट लांबी, त्यातली सळई आणि काँक्रीट वेगळंच.

त्याच्या जोडीला भराव. जोतं जमिनीपासून अडीच फूट वर घ्यायचं तर हजार फुटांच्या घरात २,५०० घनफूट, म्हणजे २५ ब्रास मुरूम बसतो. पाणी मारून धुमसला की तो दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात आणावा लागतो याहून जास्त. "भराव मालकाकडे" हे दोन शब्द मी कितीतरी करारांच्या तळाशी पाहिले आहेत. तेही नसतील तर गुत्तेदार खड्ड्यातून निघालेली काळी मातीच जोत्यात परत ढकलून देतो. तिथे पैसे वाचल्यासारखे दिसतात, पण फरशी पुढच्या पावसाळ्यात वर येते.

यावर उपाय स्वस्त आहे. करार करण्याआधी प्लॉटवर जेसीबी बोलावून एक-दोन कोपऱ्यांत मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्यावा. काही तासांचं भाडं जातं. इंजिनिअरला खड्डा दाखवावा, फोटो काढावा आणि करारात लिहावं: "पाया ८ फुटांपर्यंत भावात धरलेला आहे. त्याखाली जावं लागल्यास प्रत्येक फुटाला सर्व खड्डे मिळून अमुक रुपये. जोत्याचा भराव मुरमाचा, थराथराने पाणी मारून, भावात धरलेला." शेजाऱ्याला पाच फुटांवर मुरूम लागला म्हणून आपल्यालाही तिथेच लागेल असं धरू नये.

पाणी कोणाचं?

मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं ते २०१६ चं साल आपण कोणी विसरलेलो नाही. तरीही बांधकामाच्या करारात पाण्याची ओळ क्वचित सापडते. ओळ नसली की पाणी मालकाचं, हे गृहीत.

दाजींनी अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर पाया काढला. गावचा बोअर आटलेला. ७०० रुपयांचा एक, असे साठ टँकर लागले. सिमेंटला पाणी मारण्यात काटकसर करता येत नाही. आता सर्रास वापरात असलेल्या पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या, सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात मी चौदा दिवस सांगतो. स्लॅबवर आळी करून पाणी साठवून ठेवावं, खांबांना पोती गुंडाळून ती ओली ठेवावीत. पाणी विकतचं असलं की हात आखडतो, आणि जो आखडता हात असतो तो शेवटी स्लॅबच्या मजबुतीवर येतो.

मला विचाराल तर दिवाळीनंतर पाया काढावा. पावसाळा चांगला झाला असेल तर विहिरी-बोअरला तेव्हा पाणी असतं, ऊन सौम्य असतं आणि होळीच्या आत स्लॅब होऊन जातो. मुहूर्त त्याही महिन्यांत निघतात. पाणी मालकाने द्यायचं ठरलं तरी हरकत नाही, फक्त तो खर्च १७ लाखांच्या बाहेरचा आहे हे पहिल्या दिवशी माहीत असावं. कामावरच्या तात्पुरत्या विजेच्या मीटरचंही तसंच.

"पूर्ण फिनिशिंग" या दोन शब्दांत काय नसतं

पाण्याचा हौद, सेफ्टी टँक, आवारभिंत, गेट, अंगणातली फरशी, ड्रेनेजचे चेंबर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, खिडक्यांच्या जाळ्या, स्वयंपाकघरातले कडप्प्याचे कप्पे, गच्चीवरची टाकी, मोटर, वाळवीची फवारणी, काम संपल्यावरचा राडारोडा उचलणं. मालकाला वाटतं हे घरातच आलं. गुत्तेदाराच्या हिशोबात हे घराबाहेरचं असतं. दोघंही आपापल्या जागी खरे असतात. म्हणून दोन याद्या कराव्यात: भावात काय आहे, आणि भावात काय नाही. दुसरी यादी जास्त महत्त्वाची. ती गुत्तेदारानेच आपल्या हाताने लिहून द्यावी असा आग्रह धरा. ती लिहिताना तो ज्या ओळीवर थांबतो, तिथेच पुढचं भांडण असतं.

फरशीसारख्या वस्तूंना करारात एक धरलेला भाव असतो. दाजींच्या गुत्तेदाराने मनात ४५ रुपये फूट धरले होते. ताईने दुकानात पसंत केली ती ७५ ची. ९०० फुटांना ३० रुपयांचा फरक, २७ हजार. ताईची आवड चुकली नव्हती, ४५ चा आकडा तिला कोणी सांगितलाच नव्हता. फरशी, संडास-बाथरूमचं सामान, नळ, दारं, रंग, ग्रॅनाइट या प्रत्येकाचा धरलेला भाव लिहून घ्या आणि सही करण्याआधी दुकानात जाऊन त्या भावात काय मिळतं ते डोळ्यांनी बघा. "अमुक कंपनीचं किंवा तत्सम" यातलं "किंवा तत्सम" खोडा, त्याजागी दोन-तीन कंपन्यांची नावं लिहा. जाळी किलोवर असते, तर वजन ठरवा. ग्रॅनाइटच्या कडा घासण्याचे रनिंग फुटाने वेगळे लागतात. लाइटचे पॉइंट खोलीवार मोजून आकडा घाला.

मजुरीवर की मटेरियलसह

मटेरियलसह काम दिलं की डोक्याला ताप कमी, पण वस्तूच्या प्रतीवर नजर हवी. मजुरीवर दिलं की वस्तू आपली, पण धावपळ, नासाडी आणि मोजमाप सगळं आपल्याकडे. नोकरीच्या गावाहून बांधणाऱ्याने मजुरीवर काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मजुरीवर द्यायचंच तर दोन हिशोब पाठ हवेत. पहिला ब्रासचा: ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणायची आणि १०० ने भागायचं. ९ बाय ६ च्या ट्रॉलीत दीड फूट वाळू असेल तर ती ८१ घनफूट, म्हणजे ०.८१ ब्रास. पावती एका ब्रासची असते. दुसरा सळईचा: जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा, १६२ ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६७ किलोची. आपल्या जालन्यात सळईचे एवढे कारखाने आहेत की पर्यायांची कमी नाही. गाडी मात्र वजनकाट्यावरून आणावी आणि सळईवर आयएसआयची खूण बघून घ्यावी. सेंटरिंग, मिक्सर, लिफ्ट, व्हायब्रेटर आणि त्यांचं डिझेल मजुरीत आहे का, हेही आधी विचारा.

करही पाहावा लागतो. स्वतःच्या एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कामावर जीएसटी लागत नाही. मटेरियलसह काम करणारा गुत्तेदार नोंदणीकृत असेल तर १८ टक्के लागतो. १७ लाखांवर ते ३ लाख ६ हजार होतात. "कर धरून" हे शब्द करारात असणं किती मोलाचं, ते यावरून कळेल. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला. भाववाढीचं कलम असेल तर भाव उतरल्यावर आपल्यालाही वजावट मिळेल असं त्यातच लिहा. बांधकाम कामगारांसाठीचा उपकर लागू असेल तर तो आणि नगरपालिकेची विकासशुल्कं कोणी भरायची, हेही एका ओळीत येऊन जाऊ द्या.

इथे मात्र हात आखडू नका

खर्च वाढला की घरात कोणीतरी म्हणतं, सळई थोडी कमी करू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, त्यातली कितीतरी मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि माळवदाखाली. घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या भागातला मी माणूस आहे, म्हणून हे मी फार कळकळीने सांगतो. खांबातल्या रिंगांचं अंतर नकाशात आहे तेवढंच ठेवा, रिंगांची टोकं आत वळवलेली आहेत का ते बघा, बीम सगळीकडे जोडलेले असू द्या. काटकसर करायची तर पुढच्या भिंतीची नक्षी, पीओपी आणि भारी रंग पुढच्या वर्षावर टाका. ओतलेल्या खांबात सळई पुन्हा घालता येत नाही.

पैसे आणि वाढीव काम

गुत्तेदाराला दिलेले पैसे झालेल्या कामाच्या मागे राहावेत, पुढे जाऊ नयेत. सुरुवातीला १० टक्क्यांच्या आत उचल. पुढचे हप्ते जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी अशा दिसणाऱ्या टप्प्यांवर. शेवटचे ५ टक्के एक पावसाळा काढल्यावर, गच्ची आणि भिंती गळत नाहीत हे बघून. पैसे बँकेतून द्या. रोख दिलेच तर पावती घ्या.

वाढीव कामाला एकच नियम ठेवा: दर आधी, काम नंतर. घरात आजी म्हणते मागे चुलीला ओटा करा, भाऊ म्हणतो इथे एक खिडकी काढा. गुत्तेदार करतो आणि लिहून ठेवतो. घरातल्या एकाच माणसाने सांगायचं हे आधी ठरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिलं तरी चालतं: "मागच्या बाजूला ओटा, ६ बाय २, एकूण ९ हजार, मान्य आहे." समोरून "हो" आलं की काम सुरू.

आपल्या प्लॉटवर आपण नेमलेला गुत्तेदार महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, कक्षेत येत नाही. वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे, आणि ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. पण तिथेही पहिल्यांदा करार आणि पावत्याच मागतात. करार स्टॅम्प पेपरवर, नकाशा आणि दोन्ही याद्या जोडून, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्यांसह करा. बहुतेक गुत्तेदार चांगले असतात आणि स्पष्ट कागद त्यांनाही हवा असतो, कारण त्यांचेही शेवटचे पैसे याच गोंधळात अडकतात.

गेल्या मार्गशीर्षात दाजींच्या धाकट्या भावाने शेजारच्याच प्लॉटवर काम काढलं. सही करण्याआधी त्याने जेसीबी बोलावला. दाजी खड्ड्याच्या कडेला टेप धरून उभे होते. मुरूम साडेसात फुटांवर लागला. करारात पाया आठ फूट लिहिला, बांधकामाचा चौरस फुटाचा भाव १,८५० ठरला, आणि खाली ताईने सांगितलेली ओळ आली: फरशी ७५ रुपये फुटाची.